तळणीचे तेल, मोजपात्र आणि आपली मुले

जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही बसस्थानकाबाहेर सायंकाळी उभे राहावे, भज्यांच्या कढईचा वास आल्याशिवाय राहत नाही. आपल्या खानदेशात तळण काही कमी नाही. शेवभाजीला शेव तळावी लागते. वरण-बट्टीच्या पंगतीला बट्टी तळलेलीच लागते. लग्न असो, नामकरण असो, चौदा एप्रिलची जयंती असो, आपल्या वस्तीत मोठी कढई चढतेच. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंग येथे लांडोर बंगल्यावर माणसांची गर्दी लोटते. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेबांचा तेथे मुक्काम झाला होता. त्या दिवशीही खाण्याच्या गाड्या लागतात आणि कढया तापतात.

कढई उतरल्यावर उरलेल्या तेलाचे काय होते? काही तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर चढते. काही गटारीत जाते आणि तेथे गोठून गटार तुंबवते. आणि काही स्वस्तात विकले जाते. मोठ्या हॉटेलातले काळे तेल लहान गाड्यावर येते आणि त्या गाड्यावर खाणारा असतो हमाल, बांधकाम मजूर, शाळेतून सुटलेला आपला मुलगा. श्रीमंताच्या कढईतले उरलेले गरिबाच्या पोटात, असा हा प्रवास आहे.

हाच टाकाऊ माल शाळेच्या विज्ञानाच्या तासाला नेला, तर त्यातून बायोडिझेल तयार करता येते. जगात अनेक ठिकाणी विद्यार्थी ते करतात. अमेरिकेतील शिकागो शहराच्या लोयोला विद्यापीठात २००७ साली विद्यार्थ्यांनी भोजनगृहातील वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवायला सुरुवात केली. पुढे त्यावर विद्यापीठाच्या बसगाड्या चालल्या आणि उरलेल्या ग्लिसरीनपासून साबण झाला. ज्या खानदेशात तेलघाण्यांची परंपरा आहे, तेथील शाळांना हे अवघड का वाटावे?

तेल वाईट का होते?

तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे रेणू मोडतात आणि नवीन घातक पदार्थ तयार होतात. तेल काळे पडते, घट्ट होते, त्याला फेस येतो, धूर लवकर निघतो. या पदार्थांचा संबंध रक्तदाब, हृदयविकार आणि यकृताच्या आजारांशी जोडला जातो. म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला, की तेलातील अशा ‘ध्रुवीय संयुगां’चे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रुको’ नावाची योजना सुरू झाली. वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करावे, असा तिचा हेतू आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी, असेही सांगितले गेले. १० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत असे बायोडिझेल विकत घेण्याची तयारी जाहीर केली.

१० ऑगस्ट ही तारीख रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या आठवणीसाठी जैवइंधन दिन म्हणून पाळली जाते. ज्याच्या नावावरून आपण डिझेल म्हणतो, तोच हा माणूस. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. शेंगदाणा पिकवणाऱ्या खानदेशच्या मुलांना ही गोष्ट वर्गात सांगायला हवी.

प्रयोग कसा होतो?

मग तेल सरळ इंजिनात का ओतू नये? कारण ते डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. इंजिनाचे बारीक छिद्र त्याने तुंबते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला बांधलेल्या मेदाम्लाच्या तीन लांब शेपट्या. मिथेनॉल या द्रवाचे तीन रेणू येतात आणि एकेक शेपटी सोडवून घेतात. शेपटी आणि मिथेनॉल मिळून जे होते ते बायोडिझेल. मोकळी झालेली दांडी म्हणजे ग्लिसरीन. हे काम लवकर व्हावे म्हणून थोडा कॉस्टिक सोडा लागतो. दहावीच्या विज्ञानात एस्टर आणि साबणीकरण शिकवतात, त्याचेच हे भावंड.

वर्गासाठी १०० मिलिलिटर तेल पुरे. ते फडक्यातून गाळायचे. शिक्षकांनी ते तापवून त्यातले पाणी उडवायचे. तडतड थांबली की पाणी गेले. मग ते ५५ अंशांपर्यंत निवू द्यायचे.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा. जळके तेल आंबट झालेले असते, म्हणजे त्यात सुटी आम्ले असतात. किती आहेत, हे मोजल्याशिवाय सोडा किती घालायचा ते कळत नाही. एक लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून द्रावण करतात. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात दर्शकाचे थेंब टाकतात आणि सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडतात. रंग बदलून टिकला की थांबायचे. दर्शक म्हणून फिनॉफ्थॅलिन वापरतात, हळदही चालते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. तेच हे रसायनशास्त्र! जितके मिलिलिटर द्रावण लागले, तितके ग्रॅम सोडा दर लिटर तेलामागे जास्तीचा घ्यायचा. ताज्या तेलाला लिटरला साडेतीन ग्रॅम लागतो. समजा ३ मिलिलिटर लागले, तर साडेसहा ग्रॅम. म्हणजे आपल्या १०० मिलिलिटरला ०.६५ ग्रॅम. हा हिशेब मुलांनीच करायचा.

मग शिक्षकांनी २० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये तो सोडा विरघळवायचा, कोमट तेलात मिसळायचा आणि सुमारे तासभर ढवळत राहायचे. मिश्रण रात्रभर स्थिर ठेवले की सकाळी दोन थर दिसतात. खाली काळपट ग्लिसरीन, वर मधाच्या रंगाचे बायोडिझेल. वरचा थर वेगळा काढून पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ते कोरडे करायचे.

झाले की नाही, हे कसे कळणार? ३ मिलिलिटर बायोडिझेल २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये टाकायचे. सगळे विरघळले तर काम साधले. तळाशी तेल बसले तर अर्धवट राहिले, पुन्हा करायचे. वजनही करून पाहावे. १०० ग्रॅम तेलाबरोबर सुमारे ११ ग्रॅम मिथेनॉल खर्ची पडते आणि सुमारे १०० ग्रॅम बायोडिझेल व १० ग्रॅम ग्लिसरीन मिळायला हवे. वर घातलेले जादा मिथेनॉल अभिक्रिया पुढे ढकलण्यासाठी असते. हाती कमी आले तर कुठे गेले, याचा शोध मुलांनी घ्यावा.

तथागतांनी कालामांना सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. ‘एहि पस्सिको’, ये आणि पाहा, हे धम्माचे लक्षण आहे. परीक्षानळीत रंग बदलताना पाहणारे मूल हेच करत असते.

सावध राहा

हा प्रयोग घरी मुळीच करू नये. मिथेनॉल हे विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी डोळे जातात, जीवही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड-मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरहून अधिक माणसे मेली. मेलेले बहुतेक कष्टकरी होते. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती किती मोलाची आहे, हे अशा वेळी कळते. मिथेनॉलची वाफही वाईट, आणि ते झटकन पेटते. म्हणून ते शिक्षकांच्या कुलपात असावे, खिडक्या उघड्या असाव्यात, आसपास उघडी ज्योत नसावी. कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते. हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि वर्गातले बायोडिझेल कुणाच्या गाडीत घालायचे नाही. विक्रीच्या इंधनाला सरकारी मानके आणि परवाने लागतात.

ज्या शाळेत अशी सोय नाही, तेथे मिथेनॉलशिवायचा प्रयोग आहे. गाळलेल्या तेलात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून धुण्याचा साबण करता येतो. १०० ग्रॅम शेंगदाणा तेलाला सुमारे १३ ग्रॅम सोडा लागतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. हेही शिक्षकांच्या देखरेखीखालीच. तेलातून साबण ही खानदेशला नवी गोष्ट नाही. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तूप करणारा एक कारखाना निघाला, त्याच तेलाच्या धंद्यातून कपडे धुण्याचा साबणही तेथे बनू लागला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्याचे नाव. पुढे जगभर गेलेली विप्रो कंपनी ती हीच.

एक इशारा आणखी. बायोडिझेलच्या नावाने सगळेच खरे होत नाही. २००३ च्या सुमारास सरकारने मोगली एरंडाचा, म्हणजे चंद्रज्योतीचा, मोठा गाजावाजा केला. पडीक जमिनीवर लावा, तेल काढा, श्रीमंत व्हा, असे सांगितले गेले. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य होते. ते गाठले गेले नाही. सांगितले तेवढे बी आलेच नाही. २०१८ च्या धोरणाने डिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. उलट बांधावरच्या चंद्रज्योतीच्या बिया खाऊन लहान मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. मुलांना ते झाड ओळखायला शिकवा आणि बिया तोंडात घालू देऊ नका.

मोजपात्र कुणाच्या हातात?

आता आम्हाला जे मुख्य सांगायचे आहे, ते येथे सांगतो.

शाळेत असा उपक्रम निघाला, तर तेलाचे डबे गोळा करायला कोण जाईल? कळकट डबे कोण घासेल? आणि काचेचे मोजपात्र कोण धरेल? आपल्या समाजाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शतकानुशतके गावाची घाण आपल्या माथी आणि ज्ञान दुसऱ्याच्या घरी, अशी वाटणी होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे सांगितले, ते याच वाटणीवर घाव घालण्यासाठी. स्वतः बाबासाहेबांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली. त्या मुलाने गणित सोडवलेच.

आज उघड विटाळ कमी दिसतो. पण प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आणि प्रयोगवही मात्र भरलेली, हे चित्र किती शाळांत आहे! प्रयोग होतो तेव्हाही पुढच्या बाकावरची मुले करतात आणि मागची पाहतात. मागच्या बाकावर कोण बसते, हे आम्ही सांगायला नको. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. पाळी लावा. डबा घासणे, तेल गाळणे, थेंब मोजणे, वजन करणे, नोंद लिहिणे, ही पाचही कामे प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला आळीपाळीने आली पाहिजेत. घाण काम कुणा एकाचे नाही आणि मोजपात्रही कुणा एकाचे नाही.

गाडीवाल्या भावाला दोष देऊन भागणार नाही. तो आपल्यातलाच आहे. तेलाचा डबा महाग, गिऱ्हाईक पाच रुपयांवरून घासाघीस करते, तो काय करील? त्याच्या जुन्या तेलाला नोंदणीकृत संकलकाकडून दोन पैसे मिळाले, तर ते कढईत परत चढणार नाही. दुसऱ्याच्या जीवाला अपाय होणार नाही अशी उपजीविका, म्हणजेच सम्यक आजीविका, त्यालाही हवीच आहे. ती परवडेल अशी व्यवस्था उभी राहिली पाहिजे.

घरी काय करावे?

माताभगिनींनी तळणीला लागेल तेवढेच तेल घ्यावे. उरलेले गाळून ठेवून शक्य तितक्या लवकर फोडणीला संपवावे. तळणीला पुन्हा वापरू नये, वापरलेच तर तीन वेळांच्या वर नाही. नव्या तेलात जुने मिसळू नये. काळे, फेसाळ तेल मोरीत न ओतता बाटलीत साठवावे. जयंती मंडळांनी आणि विहार समित्यांनी मोठ्या स्वयंपाकाचे तेल एका डब्यात जमा करून संकलकाला द्यावे आणि त्याची पावती हिशेबात दाखवावी.

ज्या मुलामुलींना या विषयाची गोडी लागेल, त्यांच्यासाठी वाटा आहेत. जळगावच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. नागपूरला १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, तेथे तेल तंत्रज्ञान शिकवले जाते. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या कुटुंबांनी एकदा मुलांना तिचे दारही दाखवावे.

पुढच्या पालकसभेला आई आणि वडील दोघांनीही जावे. मुलाला किती गुण पडले, हे तर विचाराच. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारा : या वर्षी माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.