युवा व्यावसायिक बास्केटबॉल गार्ड : कौशल्य, शारीरिक क्षमता आणि श्रेष्ठत्वाची शक्यता
(स्टीफन करीच्या आरंभीच्या कारकिर्दीच्या संदर्भात)

प्रस्तावना

बास्केटबॉल हा उंच खेळाडूंचा खेळ समजला जातो. दहा फूट उंचीवर बसविलेले लोखंडी कडे पाहता हा समज निराधार म्हणता येत नाही. तथापि संघातील पाच खेळाडूंपैकी गार्ड या स्थानावरील खेळाडू बहुधा इतरांहून कमी उंचीचा असतो आणि तरीही खेळाची सूत्रे त्याच्याच हाती असतात. चेंडू पुढे नेणे, प्रतिस्पर्ध्यांच्या बचावातील फट हेरणे आणि २४ सेकंदांच्या मर्यादेत आपल्या संघाला फेकीची उत्तम संधी मिळवून देणे हे त्याचे प्रमुख कार्य होय. या स्थानावरील तरुण खेळाडू पुढे श्रेष्ठ ठरेल किंवा नाही, याचा अंदाज कशावरून बांधावा, हा प्रशिक्षकांपुढील जुना प्रश्न आहे. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक स्पर्धेतील स्टीफन करी या खेळाडूच्या २००९ ते २०१३ या काळातील पहिल्या चार हंगामांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवडीच्या वेळचे चित्र

करीचा जन्म १४ मार्च १९८८ रोजी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे झाला. त्याचे वडील डेल करी हे स्वतः एनबीएमधील नामवंत नेमबाज होते. असे असूनही मोठ्या विद्यापीठांच्या संघांनी या सडपातळ मुलाकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याने डेव्हिडसन या लहान महाविद्यालयात प्रवेश घेतला. २००८ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत या संघाने अंतिम आठांत धडक मारली आणि कॅन्ससविरुद्ध केवळ दोन गुणांनी पराभव पत्करला. २००८-०९ च्या हंगामात देशातील सर्व महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये करीची गुणांची सरासरी सर्वाधिक होती. तरीही २००९ च्या ड्राफ्ट या वार्षिक निवड प्रक्रियेत त्याच्या आधी सहा खेळाडू निवडले गेले. मिनेसोटा संघाने तर पाचव्या आणि सहाव्या अशा दोन्ही क्रमांकांवर गार्डच निवडले. परंतु त्यांत करी नव्हता. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला घेतले. उंची, उडी आणि वेग हे गुण पाहताक्षणी डोळ्यांत भरतात. करीचे बलस्थान मात्र अशा मोजमापात सहज न येणारे होते.

कौशल्य : जाणीवपूर्वक घडविलेली फेक

करीची फेक ही जन्मजात देणगी होय, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. शालेय वयात तो चेंडू कमरेजवळून वर नेत फेकत असे. उंच बचावपटूंना अशी फेक अडविणे सोपे जाते. म्हणून एका उन्हाळी सुटीत वडिलांच्या मार्गदर्शनाखाली त्याने ती फेक पूर्णपणे मोडून नव्याने बसविली. चेंडू सुटण्याचे स्थान कपाळाच्या वर आले. हा काळ त्याच्यासाठी अत्यंत कष्टाचा होता, कारण जुनी सवय सुटलेली आणि नवी अंगवळणी न पडलेली, अशी त्याची अवस्था होती.

उंच कमानीच्या फेकीचे महत्त्व साध्या भूमितीने स्पष्ट होते. कड्याचा व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर, तर चेंडूचा सुमारे २४ सेंटिमीटर असतो. चेंडू ४५ अंशांच्या कोनातून खाली उतरला, तर त्याच्या वाटेला कड्याची प्रभावी रुंदी सुमारे ३२ सेंटिमीटर येते, म्हणजे आठ सेंटिमीटरची सवड राहते. कोन ३२ अंशांच्या आसपास आला की ही सवड जवळपास संपते. म्हणजेच उंच कमान ही चुकीला वाव देणारी व्यवस्था आहे.

या कौशल्याचे मूल्य अंकगणितातही दिसते. २०१२-१३ च्या हंगामात करीने तीन गुणांच्या २७२ फेकी यशस्वी करून तेव्हाचा विक्रम मोडला. त्याच्या यशाचे प्रमाण ४५.३ टक्के होते. याचा अर्थ अशा प्रत्येक प्रयत्नातून सरासरी १.३६ गुण मिळत होते. तेवढेच फळ दोन गुणांच्या फेकींतून मिळवावयाचे, तर ६८ टक्के फेकी यशस्वी व्हाव्या लागतील. शिवाय अशा नेमबाजाला रोखण्यासाठी बचावपटूंना कड्यापासून दूर यावे लागते आणि त्याच्या सहकाऱ्यांना आत मोकळी जागा मिळते.

शारीरिक क्षमता : घोट्याचा प्रश्न

कौशल्य सिद्ध होत असतानाच शरीर साथ देईनासे झाले. उजवा घोटा वारंवार मुरगळत असल्याने मे २०११ मध्ये त्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. तरीही २०११-१२ च्या ६६ सामन्यांच्या हंगामात तो केवळ २६ सामने खेळू शकला. एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. सुदैवाने या वेळी मूळ रचना भक्कम आढळली आणि सांध्यातील अनावश्यक ऊती साफ करण्यावरच भागले.

यापुढील उपाययोजना शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वेगात धावणारा गार्ड एकाएकी थांबतो वा दिशा बदलतो, तेव्हा शरीराचा भार कोठेतरी पेलला जावा लागतो. नितंब आणि मांडीचे स्नायू तो पेलू शकले नाहीत, तर ताण खाली घोट्यावर येतो. त्यामुळे केवळ घोट्याला पट्टे बांधण्यावर न थांबता संघाच्या तज्ज्ञांनी नितंबाचे स्नायू बळकट करणे, वजन उचलण्याचे व्यायाम आणि तोल राखण्याचा सराव यांवर भर दिला. दुखणे एका जागी असले, तरी त्याचे कारण दुसरीकडे असू शकते, हे तत्त्व येथे प्रत्ययास येते. २०१२-१३ मध्ये करी ७८ सामने खेळला आणि त्याची सरासरी २२.९ गुणांवर पोहोचली.

अनिश्चिततेतील निर्णय

या उभारीची खात्री आधी कोणालाच नव्हती. मार्च २०१२ मध्ये वॉरियर्सने आपला प्रमुख गुणसंपादक मोन्टा एलिस याला मिलवॉकी संघाकडे पाठविले आणि जायबंदी करीला ठेवून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला. संघाच्या दृष्टीने ही जोखीम होती आणि खेळाडूच्या दृष्टीने सुरक्षितता. पुढे २०१५ मध्ये करी सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१६ मध्ये हाच बहुमान त्याला एकमताने लाभला. त्या हंगामात त्याने तीन गुणांच्या ४०२ फेकी यशस्वी केल्या होत्या.

येथे त्याचा समवयस्क डेरिक रोझ याचे उदाहरण आठवते. शिकागोचा हा गार्ड २००८ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर होता. विलक्षण वेग आणि उडी यांच्या बळावर २०११ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो एनबीएच्या इतिहासातील सर्वांत तरुण सर्वोत्तम खेळाडू ठरला. २८ एप्रिल २०१२ रोजी त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि पुढील दुखापतींमुळे ती उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही. यावरून रोझ मेहनतीत कमी पडला, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दुखापतीत दैवाचाही भाग असतो. तथापि ज्याचे सामर्थ्य मुख्यतः स्फोटक वेगावर उभे आहे, त्याला गुडघ्याची इजा जितकी महाग पडते, तितकी ती नेमबाजीवर उभ्या असलेल्या खेळाडूला पडत नाही, एवढे म्हणता येईल.

समारोप

तरुण गार्डचे भवितव्य केवळ आजच्या वेगावरून वा उडीवरून ठरत नाही. दोषपूर्ण सवय मोडून नवी जडविण्याची तयारी, त्या कौशल्याला दीर्घकाळ वाहून नेईल असे शरीर घडविण्याची चिकाटी आणि दुखापतीच्या काळात धीर धरणारा संघ या तिन्ही गोष्टी त्यासाठी आवश्यक ठरतात. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात करीने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तीन गुणांच्या आठ फेकी यशस्वी केल्या. २०१२ मध्ये ज्याच्या घोट्याविषयी शंका घेतली जात होती, त्याच खेळाडूची ही कामगिरी होय. महाविद्यालयीन संघ निवडतानाही हे ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल. निवड चाचणीच्या एका दिवशी विद्यार्थ्यात काय आहे ते दिसते. त्याच्यात काय घडविता येईल, हे पाहण्यासाठी मात्र शिक्षकाला अधिक काळ थांबावे लागते.