अर्थ लागेना!

भंडाऱ्याला निघालो होतो पितळेसाठी. संपादकांना तिथल्या भांड्यांवर लेख हवा होता. भाणा म्हणजे पितळी थाळी आणि तिच्यावरूनच भंडारा हे नाव पडले, असे इथे सांगतात. तो लेख राहिला. साकोलीकडून येताना वैनगंगेचा पूल ओलांडला, चहाला थांबलो आणि मामांची जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा चालू व्हायला तयार होईना. सेल्फने दोनदा घरघर केली आणि डॅशबोर्डखालून धूर आला. धूर येत होता चोकच्या तारेतून!

मूठ ओढली की कार्बोरेटरमधली झडप फिरवायची, एवढेच त्या तारेचे काम. विजेशी तिचा संबंध नाही. मग ती तापली कशाने?

गाडीची वंशावळ थोडक्यात. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभी केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 वरून ही गाडी घडवली. पद्मिनी हे नाव तिला 1974 मध्ये मिळाले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. गावाकडच्या पद्मिनी मात्र अजून कुठे कुठे तग धरून आहेत, वायरमनच्या जिवावर.

आम्हाला भेटलेला वायरमन महामार्गालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. मामांनी त्याच्यापुढे आधीच्या दुरुस्त्यांची यादी वाचली : बॅटरी नवी घातली, सेल्फ बांधून घेतला, स्विच बदलला. त्याने ऐकून घेतले, चोकच्या तारेला बोट लावून चटकन काढले आणि हसला. “सप्पा बदलवलं जी, पर अर्थ कोनी पायला का?”

बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. म्हणून दिव्याला एकच वायर पुरते; परतीची वाट म्हणजे पत्रा. वायरमन त्यालाच अर्थ म्हणतात. पण इंजिन बसते रबरी फाउंडेशनवर, आणि रबरातून वीज जात नाही. त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिनावरचा सेल्फ फिरताना शंभरेक अँपिअर ओढतो. पट्टी खराब झाली की हा लोंढा घरी परतायला मिळेल त्या वाटेने जातो. आमच्या गाडीत त्याला चोकची तार सापडली होती.

वायरमनने मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनच्या धातूला. “मारा सेल्फ.” आकडा आला 3 व्होल्ट. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त. बारांतले तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडत होते.

हिशेब केला तर अडथळा जेमतेम 0.03 ओहमचा. टेस्ट लॅम्प लावला असता तर तो लख्ख पेटला असता, कारण छोट्या बल्बापुरती वीज पट्टीचा एखादा शाबूत धागाही वाहून नेतो. मी हे पुस्तकी भाषेत बोललो. त्याने धानाच्या जिल्ह्याच्या भाषेत सांगितले, “रिकामी बंडी बांधीतून निंगते जी, भरली का फसते.” म्हणून तो आधी भार टाकतो, मग मोजतो.

गिअरबॉक्सजवळची पट्टी खोलली तर ती हिरवी पडली होती. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते. तांब्याचे दुखणे तेच, इथे ताकाच्या जागी पावसाळी चिखल. नवी पट्टी कथलाचा मुलामा दिलेली, म्हणजे कल्हई केलेलीच होती. पितळी थिंबल दाबून त्याने वरून डाख दिला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, बोल्ट आवळला आणि वर व्हॅसलीन फासले. सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. पितळेवरचा लेख असा बॉनेटखाली सापडला.

मग मामांनी दुसरी तक्रार काढली : ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद उजळतात. तोही अर्थच. मागच्या दिव्यात ब्रेक आणि टेल यांच्या दोन तारा एकाच बल्बात असतात. होल्डर गंजला की ब्रेकची वीज पत्र्यात उतरत नाही. टेलच्या तारेतून उलटी शिरते आणि डॅशबोर्डच्या बल्बांतून वाट काढते. बिघाड दिसतो पुढे, असतो मागे.

पण सगळे दुखणे असे एका बोल्टवर भागत नाही. गाडी धान ठेवलेल्या खोलीशेजारी उभी राहिली की उंदीर वायरची साल कुरतडतात. आधीच्या मालकांनी हॉर्न आणि टेप जोडताना मूळ वायर जागोजागी कापून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. मग लाल वायर लालच राहील याचा भरवसा नाही. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. ती प्रवाह कमी वाहते आणि लवकर तापते. कागदोपत्री ओझे वेगळेच. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नवी करायचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाले, आणि त्यासाठीच्या तपासणीत दिवे पेटावेच लागतात.

मला खरी काळजी मात्र वायरमनच्या या हाताची वाटते. शेडमधल्या पोराला स्कॅनर शिकायचा आहे, आणि त्यात त्याचे चुकत नाही. नव्या गाड्या त्याशिवाय बोलत नाहीत. पण एक अर्थ कळकला की नवी गाडीही स्कॅनरवर भलभलते कोड दाखवते. यंत्र तक्रार वाचते, कळक शोधायला गाडीखाली माणसालाच जावे लागते.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर पावसाळा संपल्यावर एवढे करा : बॅटरी सोडवा, अर्थच्या पट्ट्या खोला, घासा, पुन्हा घट्ट आवळा. आणि सेल्फ दमला म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी, सेल्फ मारून ते व्होल्ट मोजायला लावा.