किल्लेकोट: केव्हा आणि कोणत्या किमतीला?

बेंगळुरू असो वा नागपूर, बुद्धिबळाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या नवख्या खेळाडूला पहिला सल्ला मिळतो तो लवकर किल्लेकोट करण्याचा. किल्लेकोट म्हणजेच कॅसलिंग. यात राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून शेजारी येतो. दोघेही आधी हललेले नसावेत, मधली घरे रिकामी असावीत, राजाला शह नसावा आणि वाटेत अथवा मुक्कामी शह बसू नये. जुन्या देशी खेळात अशी चाल नव्हती. शह लागण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरे जाता येई.

हा सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे. काळ्याने किल्लेकोट केल्यावर एच ७ वरील प्याद्याला राजाखेरीज बहुधा एफ ६ वरील घोड्याचाच आधार असतो. पांढऱ्याने ई ५ वर प्यादे सरकवून हा घोडा हुसकावला, की त्याचा डी ३ वरील उंट एच ७ वरील प्यादे मारून शह देतो. राजाने उंट मारला की घोडा जी ५ वर येऊन पुन्हा शह देतो. राजा मूळ घरी परतताच वजीर एच ५ वर येतो आणि मातेची धमकी उभी राहते. इटालियन खेळाडू ग्रेको याच्या सतराव्या शतकातील हस्तलिखितांत हे बलिदान आढळते. मात्र काळ्याचा उंट एफ ५ वर किंवा घोडा एफ ८ वर वेळेत पोहोचणार असेल, तर हल्ला विरतो आणि एका प्याद्यापायी उंट गमावला जातो. मोहक चालींचे गणित असे निर्दय असते.

किल्लेकोट होऊच न देण्याचा डावही जुनाच आहे. १८४८ मध्ये कोलकात्यात स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रन यांनी महेशचंद्र बॅनर्जी यांच्याविरुद्ध चौथ्याच चालीत एफ ७ वरील प्यादे घोड्याने मारले. घोड्याचा रोख वजीर आणि हत्ती या दोघांवर असल्याने राजाला तो मारावाच लागतो आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा जातो. पांढऱ्याच्या पदरी घोड्याच्या मोबदल्यात अवघी दोन प्यादी पडतात. तरीही १९९९ मध्ये लिनारेस येथे टोपालोव यांनी क्रामनिक यांच्याविरुद्ध हाच जुगार खेळला. तो डाव बरोबरीत सुटला. अशा वेळी काळा जी प्यादे एक घर पुढे सरकवतो, राजाला जी ७ वर नेतो आणि हत्तीला मोकळी वाट करून देतो. किल्लेकोटाचेच काम त्याला सावकाश, एकेक चाल खर्चून करावे लागते.