प्राध्यापक योर्गा, तेरा महिन्यांचे पंतप्रधान

रोमानियाच्या एक लेउच्या नोटेवर छातीपर्यंत दाढी रुळणाऱ्या एका गृहस्थांचे चित्र आहे. शेजारी जेन्शनचे निळे फूल, मागच्या बाजूला जुने चर्च. ही त्या देशातली सर्वांत लहान नोट. हे गृहस्थ म्हणजे निकोलाये योर्गा. इतिहासाचे प्राध्यापक, खासदार, वृत्तपत्राचे संपादक, काही काळ पंतप्रधान आणि शेवटी राजकीय खुनाचे बळी. युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, पण आमच्या पाठ्यपुस्तकांत रोमानिया डोकवायचा तो तहांच्या कलमांपुरता. योर्गा तिथे नव्हतेच. आता निवांतपणे त्यांच्याविषयी वाचताना वाटते, त्यांना नुसता हुतात्म्याचा हार घालून मोकळे होणे फार सोपे आहे.

जन्म 1871 चा, उत्तर मोल्दावियातल्या बोतोशान गावचा. वडील वकील, पण मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे याश विद्यापीठात या मुलाने तीन वर्षांचा अभ्यासक्रम एका वर्षात उरकला, 1889 मध्ये. मग पॅरिस, आणि 1893 मध्ये लाइपझिगची डॉक्टरेट. तेविसाव्या वर्षी बुखारेस्टच्या विद्यापीठात इतिहास शिकवायला उभे. तोवर इटलीतले दप्तरखाने त्यांनी पालथे घातले होते, आणि पुढेही ही हौस सुटली नाही.

त्यांनी किती लिहिले याचा हिशेब ठेवणारेही थकले. पुस्तके आणि पुस्तिका हजाराच्या वर, लेखांची तर मोजदाद करणाऱ्यांतच एकमत नाही. इतके लिहिणाऱ्याच्या हातून चुका होणारच, आणि त्या झाल्या. 1930 नंतरच्या तरुण इतिहासकारांनी त्या एकेक करून चव्हाट्यावर मांडल्या, आणि योर्गांना टीका सोसत नसे. पण त्यांची एक कल्पना अजून खणखणीत वाजते. 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, तिथे बायझंटाइन साम्राज्य संपले, असे आपण मुलांना शिकवतो. योर्गा म्हणाले, सम्राट गेला, पण राज्यकारभाराची रीत, कायदा, धर्मपीठ, दरबारी शिष्टाचार कुठे गेले? ते चर्चमध्ये टिकले आणि डॅन्यूब नदीच्या उत्तरेकडच्या रोमानियन संस्थानांत टिकले. तिथले राजे माउंट अ‍ॅथॉसच्या मठांना देणग्या देत, सम्राटाच्या थाटात वावरत. हा मुक्काम एकोणिसाव्या शतकापर्यंत हलला नाही. 1935 च्या त्यांच्या फ्रेंच पुस्तकाचे नावच ‘बायझँटियमनंतरचे बायझँटियम’. त्याआधी 1908 ते 1913 या काळात त्यांनी ऑटोमन साम्राज्याचा इतिहास जर्मनमध्ये पाच खंडांत लिहिला होता. छोट्या देशाच्या इतिहासकाराने शेजारच्या बलाढ्य साम्राज्याकडे असे रोखून पाहणे मला फार आवडते.

राजकारणात ते ओढले गेले ते भाषेच्या प्रश्नावरून. मार्च 1906 मध्ये बुखारेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात उच्चभ्रू मंडळींसाठी फ्रेंच नाटक ठरले होते. योर्गांनी विद्यार्थ्यांना पेटवले, रस्त्यावर दंगल झाली. त्याच वर्षी ‘नेआमुल रोमानेस्क’ हे त्यांचे पत्र निघाले. 1907 मध्ये शेतकऱ्यांचा उठाव सरकारने तोफा लावून मोडला, तेव्हा शेतकऱ्यांची बाजू त्यांनी उघडपणे घेतली. लगेच 1908 मध्ये वालेनी दे मुंते या डोंगराळ गावी उन्हाळी विद्यापीठ सुरू केले. ट्रान्सिल्वानिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीकडे होते, तिथले रोमानियन तरुणही येत. आपण सारे एक, हे त्यांना नकाशाआधी व्याख्यानांतून कळले.

इथपर्यंत सगळे छान. पण 1910 मध्ये योर्गांनी पक्ष काढला तो याशचे प्राध्यापक ए. सी. कुझा यांच्या साथीने, आणि त्या पक्षाचा ज्यूद्वेष झाकलेला नव्हता. रोमानियातल्या बहुतेक ज्यूंना तेव्हा नागरिकत्वही नव्हते, तरी शेतकऱ्याच्या हलाखीचे खापर फुटे ते ज्यू दुकानदारावर आणि खंडकऱ्यावर. योर्गांची लेखणी यात मागे नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी कुझांची संगत सोडली, सूरही मवाळ झाला. पण 1937 च्या सुमारास पुन्हा तसलेच लेख लिहिले. दरम्यान कुझांच्या तालमीत याशचा एक विद्यार्थी तयार झाला होता, कॉर्नेलिउ कोद्रेआनू. 1927 मध्ये त्याने स्वतःची संघटना काढली. तीच पुढे आयर्न गार्ड म्हणून कुप्रसिद्ध झाली.

पंतप्रधानपदाविषयी फार लिहावे असे नाही. राजा कारोल दुसरा हा त्यांचा एकेकाळचा विद्यार्थी. त्याने एप्रिल 1931 मध्ये ‘पक्षातीत’ सरकार स्थापून गुरुजींना बसवले. जागतिक मंदी ऐन भरात होती, तिजोरीत खडखडाट. शिक्षणखाते स्वतःकडेच ठेवणाऱ्या या प्राध्यापकाच्या राजवटीत शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकले! जून 1932 मध्ये सरकार गेले. कुणी फारशी हळहळ केली नाही.

1938 चे प्रकरण मात्र जिवावर बेतले. राजाने हुकूमशाही आणली होती आणि योर्गा तिच्यात मंत्री होते. आयर्न गार्डने दुकाने आणि खानावळी चालवल्या होत्या. या व्यापाराआडून कट शिजतो, असे योर्गांनी आपल्या वृत्तपत्रात लिहिले. कोद्रेआनूने उलट पत्र पाठवून, आपल्याच शिकवणुकीतून उभ्या राहिलेल्या तरुणांशी तुम्ही बेइमानी केली, असा आरोप केला. योर्गांनी अब्रुनुकसानीची तक्रार केली. कोद्रेआनूला सहा महिन्यांची सजा झाली, मग देशद्रोहाच्या खटल्यात दहा वर्षांची. नोव्हेंबर 1938 मध्ये राजाच्या पोलिसांनी कैदेतच त्याचा गळा आवळला. गार्डने हा खून योर्गांच्या खात्यावर मांडून ठेवला.

1940 च्या उन्हाळ्यात पूर्वेचा बेसाराबिया प्रांत सोव्हिएतांकडे गेला, उत्तर ट्रान्सिल्वानिया हंगेरीकडे, राजा पळाला, आणि सप्टेंबरात गार्ड सत्तेत आली. बुखारेस्ट विद्यापीठाचे कुलगुरू झाले ते पी. पी. पानाइतेस्कू, योर्गांच्या टीकाकारांपैकीच एक, आता गार्डचे. 10 नोव्हेंबरच्या मोठ्या भूकंपात वालेनीतले त्यांचे घर खिळखिळे झाले, म्हणून योर्गा सिनाया गावच्या आपल्या बंगल्यात राहायला गेले. तिथे मानवी इतिहासावरच्या ग्रंथाचे काम चालू होते. 26 नोव्हेंबरच्या रात्री झिलावा तुरुंगात गार्डने 64 कैदी गोळ्या घालून मारले. दुसऱ्या दिवशी दुपारी गार्डची माणसे सिनायाला आली. चौकशीसाठी चला, म्हणाली. एकोणसत्तर वर्षांच्या या म्हाताऱ्याचा मृतदेह प्लोयेश्तजवळ स्ट्रेझ्निक गावाशी रस्त्याकडेला सापडला. त्याच दिवशी अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि माजी मंत्री व्हिर्जिल माद्जारू यांनाही मारले. ग्रंथ अपुराच राहिला.

योर्गा वाचायचे तर ‘बायझँटियमनंतरचे बायझँटियम’पासून सुरुवात करा, त्याचा इंग्रजी अनुवाद झालेला आहे. 1934 चे त्यांचे आत्मचरित्र मात्र जरा जपून हाती घ्या. त्यात ते स्वतःचे वकील आहेत, आणि कुझांसोबतच्या वर्षांचा जाब त्या वकिलाकडून मिळेल अशी आशा ठेवू नका.