जपान आणि अमेरिका : माणसे वेगळी की व्यवस्था वेगळी?

बडोद्यातल्या मराठी घरांतली मुले शिकायला किंवा नोकरीला परदेशी जातात, यात आता नवल राहिलेले नाही. पूर्वी परदेश म्हणजे बहुतेक घरांत अमेरिकाच असे. अलीकडे जपानचे नावही कानावर येऊ लागले आहे. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानच्या शिंकान्सेन तंत्रावर उभारली जात आहे आणि तिचे एक स्थानक आपल्याच गावात आहे. साहजिकच कोजागिरीला किंवा गणपतीत चार कुटुंबे जमली की तुलना सुरू होते. ‘जपानी माणूस जात्याच शिस्तीचा’, ‘अमेरिकन माणूस मोकळा, पण आपल्यापुरता’ आणि शेवटी ठरलेले वाक्य, ‘आपल्याकडे हे व्हायचे नाही, आपला स्वभावच तसा.’

या लेखात आपण दोन्ही देशांतले रोजचे जगणे शेजारी शेजारी ठेवून पाहू. त्यानंतर, ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यातला किती भाग खरोखर स्वभावाचा आणि किती परिस्थितीचा, याचाही थोडा शोध घेऊ. मुलांना कुठे पाठवायचे हा प्रश्न त्यात आहेच, पण आपण स्वतःविषयी काय समजून चालतो हा प्रश्नही त्याला जोडलेला आहे.

जमीन आणि घर

जपानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात मिळून जेवढे होतात त्यापेक्षाही कमी. त्यातला दोन तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. उरलेल्या सपाट पट्ट्यांत १२ कोटींहून अधिक माणसे राहतात. अमेरिका जपानच्या पंचवीसपट मोठी, पण तिची लोकसंख्या जपानच्या तिप्पटही नाही.

एवढ्या एका गोष्टीतून पुष्कळ काही ठरते. जपानी शहरांतली घरे लहान असतात आणि खोलीचे माप आजही तातामी चटयांच्या संख्येत सांगतात. भिंती पातळ, शेजार लागून. त्यामुळे रात्री मिक्सर लावताना किंवा मुले घरात धावताना शेजाऱ्यांचा विचार करावाच लागतो. अमेरिकेत उपनगरातले नवे घर सहज दोन हजार चौरस फुटांच्या पुढचे असते. पुढे हिरवळ, मागे अंगण, दोन गाड्यांचे गॅरेज. आवाजाचा त्रास नाही, पण दूध संपले तर गाडी काढावी लागते. टोकियोत तेच दूध कोपऱ्यावरच्या, रात्रभर उघड्या असलेल्या दुकानात पायी जाऊन आणता येते.

इथून जाणाऱ्या आजी-आजोबांना हा फरक सर्वांत आधी जाणवतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी गाडी चालवता येत नसेल तर देवळात, वाचनालयात किंवा भाजी आणायलाही मुलांवर अवलंबून राहावे लागते. जपानमध्ये भाषा येत नसली तरी रेल्वेच्या पाट्या वाचून शहर फिरता येते. मात्र आमटीपासून नूडल्सपर्यंत बहुतेक पदार्थांत माशाचे पाणी असते, त्यामुळे शाकाहारी माणसाला बाहेर जेवताना फार चौकशी करावी लागते.

दवाखाना

जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. परदेशातून येऊन राहणाऱ्यांनाही तो घ्यावा लागतो. बहुतेकांना उपचारांच्या खर्चाचा ३० टक्के भाग स्वतः भरावा लागतो, आणि महिन्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर पुढचा भार बराच हलका होतो. कोणत्या उपचाराला किती पैसे घ्यायचे हे सरकार ठरवते.

अमेरिकेत ६५ वर्षांखालच्या बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विम्याचीही काळजी सुरू होते. अडीच कोटींहून अधिक लोकांकडे विमाच नाही. वैद्यकीय ज्ञान आणि साधने यांत अमेरिका जगात पुढे असली, तरी सरासरी आयुष्य जपानमध्ये सुमारे ८४ वर्षे आणि अमेरिकेत ७८–७९ वर्षे आहे. मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आपल्या सभासदांनी प्रवासी विमा घेतल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये, हे सांगण्याचे कारण हेच.

‘अमेरिकन माणसाला दुसऱ्याच्या दुखण्याची पर्वा नाही’ असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे. पण नोकरी आणि विमा यांची गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. कामगार तर हवे होते. तेव्हा कारखानदारांनी पगाराऐवजी विम्यासारख्या सवलती देऊ केल्या, पुढे करातही सूट मिळाली आणि ती पद्धत कायम झाली. एका युद्धकाळातल्या हुकमाचा परिणाम आज कोट्यवधी घरे भोगत आहेत.

काम आणि सुट्टी

अमेरिकेत खासगी नोकरदाराला पगारी रजा मिळालीच पाहिजे असा केंद्रीय कायदा नाही. रजा मालकाच्या धोरणावर असते. जपानमध्ये सहा महिने नोकरी झाली की वर्षाला किमान दहा दिवसांचा हक्क कायद्यानेच मिळतो. तरीही जपानी माणूस रजा घ्यायला कचरतो, कारण आपले काम सहकाऱ्यांवर पडेल ही भीती असते. अतिकामामुळे येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत ‘कारोशी’ हा वेगळा शब्द आहे आणि तो रोखण्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला. २०१९ पासून कर्मचाऱ्याने वर्षाला निदान पाच दिवस रजा घेतलीच पाहिजे, हे पाहण्याची जबाबदारी मालकावर आहे.

नोकरी बदलणे हा अमेरिकेत रोजचा व्यवहार आहे. तिथे नोकरीवरून काढणेही तितकेच सोपे. जपानी कंपनी माणसाला सहसा एकाएकी काढत नाही, पण बढती हळूहळू मिळते आणि ‘मी हे केले’ असे पुढे होऊन सांगणाऱ्याचे कौतुक होतेच असे नाही. आपल्या मुलांपैकी कोणाला कोणती हवा मानवेल, याचा विचार पगाराच्या आकड्याइतकाच करायला हवा.

स्वभाव येतो कुठून?

जपानी वक्तशीरपणाचे उदाहरण घेऊ. गाडी काही मिनिटे उशिरा आली तर प्रवाशाला कचेरीत दाखवण्यासाठी रेल्वेच उशिराचा दाखला देते. हे रक्तातच आहे असे आपल्याला वाटते. पण १८५० च्या दशकात नागासाकीत नौकानयन शिकवायला आलेला डच अधिकारी कॅटेंडाइके जपानी लोकांना वेळेची किंमत नाही म्हणून वैतागला होता. त्याचे वैतागणे स्वाभाविक होते आणि जपान्यांचे वागणेही. तेव्हा जपानमध्ये दिवसाचे आणि रात्रीचे सहा-सहा भाग करीत, त्यामुळे उन्हाळ्यातला ‘तास’ मोठा आणि हिवाळ्यातला लहान असे. आपल्याकडच्या प्रहरांसारखेच ते. १८७२ मध्ये टोकियो–योकोहामा रेल्वे सुरू झाली, १८७३ पासून नवी दिनदर्शिका आणि चोवीस सारखे तास आले. त्यानंतर शाळा, कारखाने आणि सैन्य यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिनिटांची सवय लावली. १९२० मध्ये लोकांना वेळेचे महत्त्व पटावे म्हणून १० जून हा दिवस ‘वेळेचा दिवस’ ठरवावा लागला. स्वभाव जन्मजात असता तर त्याची गरज पडली नसती.

स्वच्छतेचेही तसेच. १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वी टोकियोत रस्त्यावर कचरा टाकू नका, उघड्यावर लघवी करू नका, अशा मोहिमा चालवाव्या लागल्या. १९७१ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी कचऱ्याविरुद्ध ‘युद्ध’ जाहीर केले, इतका तो प्रश्न चिघळला होता. आज कोणता कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा याचे वेळापत्रक प्रत्येक वस्तीत असते आणि शाळेत मुले आपला वर्ग स्वतः झाडतात. सहा-सात वर्षांच्या वयापासून जो रोज फरशी पुसतो, त्याला त्याच फरशीवर कागद टाकवत नाही.

आता अमेरिका. हॉटेलात जेवणानंतर बिलावर पंधरा-वीस टक्के टिप ठेवण्याची पद्धत पाहून आपल्याला तो दिलदारपणा वाटतो. जपानमध्ये टिप दिली तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतो, त्यावरून तो निर्लोभी ठरतो. प्रत्यक्षात अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतात, बाकीची भरपाई टिपेतून होणे अपेक्षित असते. १९९१ पासून हा आकडा बदललेला नाही. काही राज्यांनी तो वाढवला आहे, पण सगळ्यांनी नाही. जपानमध्ये वेटरचा पगार मालकच पूर्ण देतो. म्हणजे टिप ठेवणे हा तिथल्या मजुरीचा भाग आहे, मनाचा मोठेपणा मोजण्याचे ते साधन नव्हे.

अमेरिकन माणसाचे अनोळखी माणसाशी हसून बोलणेही असेच समजून घेता येते. १९५० च्या दशकात तिथे दर वर्षी साधारण पाचातला एक माणूस घर बदलत असे. आज ते प्रमाण दहातल्या एकापेक्षाही कमी आहे, पण सवय राहिली. जिथे शेजारी सतत नवा येतो, वेगळी भाषा आणि वेगळा धर्म घेऊन येतो, तिथे पहिल्या भेटीतच मोकळे होणे सोयीचे ठरते. जपानी खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या तीच माणसे भाताच्या शेतांचे पाणी वाटून घेत राहिली. तिथे तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची किंमत फार मोठी होती.

परके म्हणून राहताना

दोन्ही देशांत आपली माणसे आहेत, पण संख्या फार वेगळी. अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक पन्नास लाखांच्या आसपास आहेत, जपानमध्ये भारतीय पन्नास हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची मध्यवर्ती संस्था १९८१ पासून काम करते. जपानमध्ये टोकियोच्या एदोगावा भागात भारतीयांची वस्ती एकवटली आहे आणि २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक तिथल्या स्थानिक सभेवर निवडून आले.

अडचणीही वेगवेगळ्या. जपानी सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी, परदेशी म्हणून आपल्याला घर नाकारले गेले, असे सांगितले. अमेरिकेत वंश किंवा मूळ देश पाहून घर नाकारणे १९६८ च्या कायद्याने बेकायदा आहे, पण ग्रीन कार्डासाठी भारतीयांना अनेक वर्षे रांगेत राहावे लागते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना जपानमध्ये बंदुकीची भीती जवळजवळ नसते. अमेरिकेत गोळीबार झाला तर काय करायचे याचा सराव लहान मुलांकडूनही करून घेतात.

आपण काय घेतो

परक्या देशाचे जगणे मराठीत मांडण्याची परंपरा जुनी आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये तिथल्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिले. शाळा, स्त्रियांच्या संस्था, राज्यकारभार, घरगुती जीवन यांची त्यांनी बारकाईने माहिती दिली, ती इथे काही घडावे म्हणून.

बडोद्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेला जाऊन आले. तिथली मोफत सार्वजनिक वाचनालये त्यांनी पाहिली. ‘अमेरिकन माणूसच वाचनवेडा’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झालेलेच होते. खेड्यातल्या माणसांचा स्वभाव वाचनाचा आहे की नाही, याची वाट महाराजांनी पाहिली नाही. पुस्तक दाराशी आले, मग वाचणारेही तयार झाले.

म्हणून ‘आपला स्वभावच तसा’ हे वाक्य आपण जरा जपून वापरायला हवे. जपानमधून शाळेतल्या मुलांनी केर काढण्याची रीत घेता येते, अमेरिकेतून भाडेकरूला जात-धर्म न विचारण्याचा नियम घेता येतो. सुरुवात मंडळातूनही होऊ शकते. महाप्रसादानंतर सभागृह झाडायला लहान-मोठे सगळे उभे राहिले, आणि सहाचा कार्यक्रम निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सहालाच सुरू झाला, तर दोन-चार वर्षांत फरक दिसेल. ज्यांची मुले या दोन देशांत राहत आहेत त्यांनी तिथली अशी एखादी घेण्याजोगी पद्धत, ती कशी चालते या तपशिलासह, मंडळाकडे जरूर लिहून पाठवावी.