दारणेचा साठा, आकाशगंगेचा साठा

मे महिन्यात देवळाली कॅम्पात लाइट गेले, की मध्यरात्रीनंतर गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसतो. मधोमध काळे डाग. पावसाचे ढग आलेत असंच वाटतं. ढगच ते, पण वायू आणि धुळीचे. ताऱ्यांचा कच्चा माल.

या मालातून आपली आकाशगंगा वर्षाला सूर्याच्या साधारण दीड-दोन पट वस्तुमानाचे तारे घडवते. काम फारच मंदावलंय म्हणायचं. एकूण विश्वात ताऱ्यांची पैदास सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी शिगेला होती. आज ती जेमतेम दहाव्या हिश्शावर आहे.

जुलैत दारणा धरणाची बातमी आपण तीन शब्दांत वाचतो: साठा, आवक, विसर्ग. दीर्घिकेच्या तबकडीचाही हिशेब तोच. साठा हायड्रोजनचा, आवक बाहेरून ओढून घेतलेल्या वायूची, विसर्ग ताऱ्यांचा. पण दूरच्या दीर्घिकेतला साठा मोजायचा कसा? अणुरूप हायड्रोजन 21 सेंटिमीटरच्या रेडिओलहरी सोडतो, पण इतक्या क्षीण, की दूरच्या एकेकट्या दीर्घिकेच्या लहरी सहसा हाती लागत नाहीत.

त्यासाठी नाशिक-पुणे रस्त्याला लागायचं. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, तिथून आत खोडद. शेतांमध्ये उभ्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना, एकूण 30. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी सुमारे 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या 7,653 दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सरासरी साठा काढला. 2020 मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. साठा भरपूर होता, पण विसर्ग इतका, की एक-दोन अब्ज वर्षांत तळ दिसावा. नवी आवक त्या मानाने कमी पडली, म्हणून पैदास घटली, असा त्यांचा निष्कर्ष. मला तो पटतो. धरण बघणाऱ्या कुणालाही पटेल.

मात्र ही उतरण सरळ नाही. 'गाया' दुर्बिणीच्या नोंदींवरून 2020 मध्येच एका गटाने सूर्याच्या परिसरात सुमारे 5.7, 1.9 आणि 1 अब्ज वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या जन्माच्या लाटा आल्याचं दाखवलं. धनु राशीतली एक बटू दीर्घिका वेळोवेळी आपल्याजवळून गेली, त्या काळांशी त्या जुळतात. वेळ जुळली म्हणजे कारण सापडलं असं नाही. तरी तिच्या धक्क्याने तबकडीतला वायू दाटला असेल, हे पटण्याजोगं आहे.

थंडीत मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली बघा. एक अंधुक ठिपका साध्या द्विनेत्रीतून पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवर तिथे विसर्ग चालू आहे.