आडव्या सायकलीचे गिअर

सुरतेहून डुमसच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा रस्ता सपाट आहे. वाघईहून सापुताऱ्याकडे चढणारा रस्ता घाटाचा आहे. एकच सायकल दोन्हीकडे न्यावयाची असेल, तर तिची दातेरी चक्रे व साखळी विचारपूर्वक निवडावी लागतात. सायकल आडवी, म्हणजे रिकम्बंट या नावाने ओळखली जाणारी असेल, तर हा विचार अधिकच अगत्याचा ठरतो.

अशा सायकलीवर स्वार पाठ टेकून बसतो व पाय पुढे लांबवून पायडल मारतो. शरीर खाली राहिल्याने वाऱ्याचा विरोध कमी होतो. शार्ल मोशे यांनी बनविलेल्या अशा सायकलीवर फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने १९३३ साली एका तासात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून १९१४ पासूनचा उच्चांक मोडला. पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने हा प्रकार अधिकृत शर्यतींतून बाद केला. तात्पर्य, सपाटीवरील वेगाची उणीव या वाहनात नाही.

उणीव आहे ती चढावर. साध्या सायकलीचा स्वार चढ लागताच उभा राहून शरीराचे वजन पायडलवर टाकतो. आडव्या सायकलीवर ही सोय नाही. तेथे पाठ आसनाला रेटूनच जोर लावावा लागतो आणि गिअर जड असला, की तो ताण गुडघ्यांना सोसावा लागतो. म्हणून सर्वांत हलका गिअर आधी ठरवावा, जड गिअर मागाहून.

हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागावे आणि मागील चाकाच्या परिघाने गुणावे; पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे सरकते, ते कळते. परिघ २.१ मीटर धरला, तर ५० व ११ दात्यांची जोडी साडेनऊ मीटर देते. मिनिटाला ९० फेरे मारल्यास वेग ताशी ५० किलोमीटरांवर जातो. असा प्रसंग विरळाच. उलट ३० व ३६ दात्यांची जोडी पावणेदोन मीटर देते. मिनिटाला ६० फेऱ्यांनी वेग ताशी सहा किलोमीटर होतो आणि घाट हाच गिअर चढवितो. मात्र इतक्या मंद गतीत तोल सांभाळण्याचा सराव हवा. मागील चाक वीस इंची असेल, तर परिघ दीड मीटरच भरतो. मग सारेच गिअर हलके होतात आणि पुढचे चक्र मोठे घ्यावे लागते.

साखळीचाही प्रश्न आहे. पायडल पुढे व चालते चाक मागे असल्याने ती साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब लागते आणि दोन-तीन साखळ्या जोडून तयार होते. म्हणून जवळच्या दुकानात सहज मिळणारीच साखळी निवडणे शहाणपणाचे. पावसाळ्यातील चिखलापासून तिला नळीचे आवरण उपयोगी पडते.

सुरतेच्या सपाटीबाहेर क्वचितच जाणाऱ्यास मागच्या चाकाच्या हबमध्ये बंदिस्त असलेले तीन गिअरही पुरतात. धूळ व पाणी त्यांना सहसा बाधत नाही. सापुताऱ्याची इच्छा धरणाऱ्याने मात्र बाजारातील चकचकीत संचाची किंमत पाहण्यापूर्वी मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजावेत. संच बदलता येतो. गुडघे बदलणे तितके सोपे नाही.